चालत्या घराच्या भिंती



गेल्या वर्षीं पावसाळ्याच्या आरंभीं मला एक पत्र आलें. पत्र म्हणजे हल्लींच्या रीतीप्रमाणें दूरध्वनीच्या पडद्यावर उमटलेलें. परंतु मजकूर चांगला दोन पृष्ठांचा होता, म्हणून त्यास पत्रच म्हणतों. लिहिणारा माझा एक जुना विद्यार्थी. शाळेंत असतांना भूमितींत हुषार आणि इतिहासांत उदास असलेला हा मुलगा आज जर्मनींतील हॅनोव्हर शहरीं अभियंता आहे. त्यानें तेथें एक जुनी मोटारगाडी विकत घेतली. गाडी १९६६ सालची. पुढची कांच दोन भागांची, आंत निजावयाची सोय, लहानशी शेगडी, भिंतीलगत कपाटें. अशा गाडीस तिकडे ‘कॅम्पर’ म्हणतात. आपण तिला चालतें घर म्हणूं. पत्रासोबत एक छायाचित्र होतें. गाडीच्या आंतील बाजूस लावलेले लांकडाचे पातळ तक्ते काढून त्यानें जमिनीवर पसरले होते. कोणाचा खालचा कांठ कुजून भुसा झाला होता, कोणाचे पापुद्रे सुटले होते, एक तर मधोमध दुभंगला होता. आणि पत्राच्या शेवटीं प्रश्न होता : ‘‘सर, नवे तक्ते करावयाचें ठरविलें आहे. हा कचरा आतां टाकून देऊं ना?’’

प्रश्न एका ओळीचा होता. उत्तर लिहावयास मला तीन आठवडे लागले. त्या विलंबाची काय किंमत पडली, तें मी शेवटीं सांगेन. तूर्त एवढेंच सांगतों कीं, ज्या वस्तूस त्यानें कचरा म्हटलें तिचा इतिहास शोधूं लागल्यावर मला तो अपेक्षेपेक्षां बराच लांबचा निघाला. आजचें भाषण त्याच शोधाचें फळ आहे.

चाकांवर घर बांधून हिंडण्याची कल्पना युरोपांत नवी नाहीं. जिप्सी, सर्कसवाले, जत्रेंत खेळ करणारे लोक अशा घरांत पूर्वींपासून राहात असत. परंतु तें गरज म्हणून. केवळ हौसेच्या प्रवासासाठीं असें घर बांधवून घेणाऱ्यांत पहिलें नांव घेतलें जातें तें गॉर्डन स्टेबल्स यांचें. ब्रिटिश आरमारांत डॉक्टर म्हणून काम करून निवृत्त झालेले आणि पुढें मुलांसाठीं साहसकथा लिहिणारे हे गृहस्थ. त्यांनीं १८८५ सालीं ब्रिस्टल येथील गाड्यांच्या कारखान्यांत ‘वाँडरर’, म्हणजे ‘भटक्या’, या नांवाची गाडी करविली. लांबी अठरा फूट, वजन सुमारें दोन टन, ओढावयास दोन घोडे. तिच्यासाठीं महॉगनी आणि मेपल हीं उंची लांकडें वापरलीं होतीं. त्याच वर्षीं ते या गाडींतून स्कॉटलंडांतील इन्व्हर्नेसपर्यंत गेले. हें घर श्रीमंताचें होतें, आणि त्याच्या भिंतीही श्रीमंताच्या होत्या.

सामान्य कुटुंबाच्या वांट्यास चालतें घर येण्यास दुसरें महायुद्ध संपावें लागलें. युद्धानंतर जर्मनींत वोल्फ्सबुर्ग येथील फोक्सवॅगनचा कारखाना ब्रिटिश लष्कराच्या देखरेखीखालीं चालत होता. कारखान्याच्या आवारांत जड भाग इकडून तिकडे नेण्यासाठीं तेथील मंडळींनीं लहान मोटारीच्या सांगाड्यावर सपाट पाठीची एक ओबडधोबड गाडी जुळविली होती. ती बेन पॉन या डच व्यापाऱ्याच्या नजरेस पडली. २३ एप्रिल १९४७ रोजीं त्यानें आपल्या वहींत एक साधें चित्र काढलें : पेटीसारखी गाडी, इंजिन मागें, चालक अगदीं पुढें, आणि मधली सारी जागा मोकळी. या चित्रांतूनच पुढें गाडी उभी राहिली. ८ मार्च १९५० पासून तिचें नियमित उत्पादन सुरू झालें आणि १९५६ सालीं तें हॅनोव्हरच्या नव्या कारखान्यांत गेलें. माझा विद्यार्थी ज्या शहरांत राहतो तें शहर म्हणजे या गाडीचें माहेर.

मधली मोकळी जागा मालासाठीं होती. तींत माणसांचा संसार मांडण्याचें काम दुसऱ्यांनीं केलें. वीडेनब्रुक या गांवीं वेस्टफालिया नांवाचा, १८४४ सालापासून चालत आलेला, मूळचा घोडागाड्या बांधणारा कारखाना होता. त्यानें १९५१ सालीं ‘कॅम्पिंग बॉक्स’ या नांवाचें एक सुटें लांकडी सामान तयार केलें. तें गाडींत ठेवलें कीं शेगडी, अंथरूण आणि बसावयाची सोय होई. काढून घेतलें कीं गाडी पुन्हां मालाची. युद्धानंतरच्या त्या टंचाईंत दोन वाहनें कोणास परवडणार? आठवडाभर दुकानाचा माल वाहणारी गाडी शनिवारीं सायंकाळीं कुटुंबाचें घर बनावी, हा त्यांतला हिशेब. पुढें परिस्थिति सुधारली तशीं कपाटें व बांकें गाडींत कायमचीं बसविलीं जाऊं लागलीं.

इंग्लंडांतही हेंच घडलें, आणि तेथेंही तें जुन्या कारागिरांच्या हातून. फोकस्टन येथील मार्टिन वॉल्टर हें घराणें १७७३ पासून घोड्यांचा साज करीत आलें होतें. त्यांच्याच कारखान्यांतून ‘डॉर्मोबिल’ निघाली. निजावयाची खोली आणि मोटार यांच्या इंग्रजी नांवांची ही संधि आहे. डेव्हन परगण्यांतील सिडमथ गांवीं जॅक व्हाइट यानें १९५६ च्या सुमारास एक गाडी स्वतःच्या कुटुंबाच्या सुटीसाठीं आंतून सजविली. ती लोकांना आवडली आणि घरगुती हौसेचा धंदा झाला. त्या काळीं इंग्लंडांत मोटारींवर मोठा विक्रीकर असे. परंतु आंत राहण्याचें सामान कायम बसविलेल्या गाडीस तो माफ होता. ही सवलत १९७३ सालीं करपद्धति बदलेपर्यंत टिकली. म्हणजे चार फळ्या, एक शेगडी आणि एक कपाट यांच्या जोरावर सरकार दरबारीं मोटारीचें घर होत होतें.

आतां त्या तक्त्यांकडे येऊं. मालाची गाडी आंतून पाहिली तर उघडा पत्रा, त्याच्या लोखंडी बरगड्या आणि रंगाचे ओघळ दिसतात. तींत शेगडी ठेवली, गादी पसरली, तरी तें घर वाटत नाहीं. उन्हांत तो पत्रा पोळतो आणि थंडींत त्यास पाठ लागली तर झोप उडते. बरगड्यांवर लांकडाचे तक्ते बसवून पत्रा झांकला म्हणजे मगच तेथें भिंत निर्माण होते. आपल्या जुन्या वाड्यांत तुळयांखालीं तक्तपोशी केली कीं माळ्याची खोली राहण्याजोगी होत असे, तसाच हा प्रकार. मात्र वाड्यास वजनाची भीति नव्हती. पंचवीस अश्वशक्तीच्या इंजिनाला महॉगनीच्या भिंती ओढावयास लावणें शक्य नव्हतें. भिंत हवी, पण ती जेमतेम तीनचार मिलिमीटर जाडीची हवी, आणि गाडीच्या कुशीप्रमाणें ती वांकली पाहिजे. ही अडचण प्लायवुडनें सोडविली.

लांकडाचा एक स्वभाव आपणां सर्वांच्या अनुभवाचा आहे. पावसाळा लागला कीं घराचें दार चौकटींत अडतें आणि उन्हाळ्यांत तेंच सैल पडतें. लांकूड ओल पिऊन फुगतें व ओल गेली कीं आकसतें. मात्र हें फुगणें त्याच्या रेषांच्या आडव्या दिशेस फार आणि लांबीच्या दिशेस जवळ जवळ मुळींच नसतें. म्हणून रुंद, पातळ, एकसंध फळी वेडीवांकडी होते किंवा उभी चिरते. यावर तोड अशी निघाली कीं, लांकडाचे पातळ पापुद्रे काढावे आणि एकाच्या रेषा उभ्या तर पुढच्याच्या आडव्या, असे ते एकमेकांवर चिकटवावे. मग प्रत्येक पापुद्रा शेजाऱ्यास आवरून धरतो. पापुद्रे बहुधा तीन, पांच, सात असे विषम ठेवतात, म्हणजे दोन्ही अंगांची ओढ सारखी राहते. ही युक्ति फार जुनी आहे. ईजिप्तमध्यें सक्कारा येथें साडेचार हजारांहून अधिक वर्षांपूर्वींची, सहा थर जोडून केलेली एक शवपेटी सांपडली आहे. यंत्रानें पापुद्रे काढण्याचे प्रयत्न इंग्लंडांत सॅम्युएल बेंथॅम यानें अठराव्या शतकाच्या अखेरीस केले, आणि अमेरिकेंत पोर्टलंड येथें १९०५ च्या प्रदर्शनांत तेथील एका कारखान्यानें तीन थरांचे तक्ते मांडल्यावर या मालाकडे व्यापाऱ्यांचें लक्ष वेधलें.

खरी गोम लांकडांत नव्हती, ती सरसांत होती. जनावरांच्या हाडांचा व कातड्याचा सरस पाण्यानें सुटतो. दुधापासून केलेला केसीनचा सरस त्याहून बरा, परंतु दमट हवेंत त्यासही बुरशी खाते. इंग्रजांचें मॉस्किटो हें विमान २५ नोव्हेंबर १९४० रोजीं प्रथम उडालें. त्याचा देह बर्चच्या प्लायवुडचा आणि हलक्या बाल्सा लांकडाचा होता. आरंभीं तें केसीनच्या सरसानें जोडीत, नंतर रासायनिक राळेच्या. युद्धानें असे पाण्यास दाद न देणारे सरस करण्याची विद्या वाढविली. विमानांची गरज संपली, परंतु ती विद्या शिल्लक राहिली, आणि सुटीस निघालेल्या कुटुंबांच्या भिंतींना तिचा उपयोग झाला.

याच भिंतींत आणखी दोन वस्तूंनीं प्रवेश केला. पहिली हार्डबोर्ड. अमेरिकेंतील लॉरेल गांवीं विल्यम मेसन १९२४ सालीं लांकडाच्या टाकाऊ ढलप्यांपासून मऊ तक्ता करूं पाहात होता. जेवावयास जातांना यंत्र दाबाखालीं राहिलें, वाफेची झडप गळत होती, आणि परत येऊन पाहतो तों आंत मऊ तक्त्याऐवजीं कठीण, गुळगुळीत, दाट पाट तयार! स्वस्तपणामुळें गाड्यांच्या दारांना आंतून हाच पाट, वर रेक्झिनसारखें कापड चढवून, लावीत. दुसरी वस्तु फॉर्मायका. अमेरिकेंतील सिनसिनाटी येथें १९१३ च्या सुमारास ती विजेच्या सामानांत अभ्रकाच्या ऐवजीं वापरण्यासाठीं निघाली. ‘अभ्रकाच्या जागीं’ असाच तिच्या इंग्रजी नांवाचा अर्थ. पुढें ती टेबलें, कपाटें व चालत्या घरांचे ओटे यांवर चढली. आपल्या स्वयंपाकघरांत जिला आपण सरसकट सनमायका म्हणतों, ती याच कुळांतली.

असे हे तक्ते मग कुजतात कां? याचें उत्तर घर या शब्दांतच आहे. मालाच्या गाडींत कोणी निजत नाहीं. चालत्या घरांत चार माणसें खिडक्या लावून निजतात, शेगडीवर पाणी उकळतें, ओले कपडे वाळतात. श्वासांतील व पाण्याची ती वाफ तक्त्यांच्या फटींतून मागें शिरते आणि थंड पत्र्यावर तिचे थेंब होतात. थेंब ओघळून तळाशीं सांचतात. त्यांत खिडकीच्या रबरी कडा वर्षांच्या उन्हानें कडक होऊन चिरल्या म्हणजे पावसाचें पाणीही येऊन मिळतें. तक्त्याचा पृष्ठभाग रोगणानें राखलेला असतो. कापलेली कडा मात्र कारखान्यांत घाईनें तशीच राहून गेलेली असते. लांकूड पाणी पितें तें या कडेनेंच. म्हणून बहुतेक तक्ते खालच्या कांठापासून आणि खिडकीच्या कोपऱ्यापासून मरतात. पाऊस तर बाहेरून येतोच. परंतु या भिंतीचा निम्मा नाश तिच्या आंत सुखानें निजलेल्या माणसांनीं केलेला असतो.

आतां नवा तक्ता कसा करतात तें सांगतों, कारण माझा मुद्दा त्यांतूनच निघतो. प्रथम जुना तक्ता काढावयाचा. तो लोखंडी क्लिपांनीं वा लहान स्क्रूंनीं बरगड्यांना धरलेला असतो. रुंद चपटें पातें क्लिपेच्या अगदीं जवळ घालून हळू उचलावें. मध्यें घातलें तर तक्ता फाटतो. काढल्याबरोबर त्याच्या पाठीवर जागा आणि वरची बाजू लिहून ठेवावी. डावा आणि उजवा तक्ता जुळ्या भावांसारखे दिसतात, पण एकाच्या जागीं दुसरा बसत नाहीं. मग तो सपाट पाटावर वजनाखालीं सुकवावा. सुकल्यावर तोच नव्या प्लायवर ठेवून त्याच्या कडेनें पेन्सिल फिरवावी. कुजलेला कांठ नसेल तेथें पुठ्ठा जोडून गाडीवरच माप घ्यावें. करवत नेहमीं रेषेच्या बाहेरून चालवावी आणि शेवटचा अंश कानशीनें व कांचकागदानें उतरवावा. कमी केलेलें लांकूड परत येत नाहीं.

जाडी मूळचीच ठेवावी. ‘जाड घेतला तर अधिक टिकेल’ असें वाटतें, परंतु एकदोन मिलिमीटर वाढले तरी क्लिप पोहोंचत नाहीं, खिडकीची रबरी कड बसत नाहीं आणि कपाट त्या मानानें पुढें येतें. वांकणाऱ्या तक्त्यासाठीं दर्शनी पापुद्र्याच्या रेषा कोणत्या दिशेस आहेत तें जुन्यावरून पाहावें. तीन थरांचा प्लाय एका दिशेस सहज वांकतो, दुसऱ्या दिशेस हट्ट धरतो. भोंकें पाडून रोगण लावण्यापूर्वीं एकदां तक्ता जागेवर बसवून पाहावा. मग दोन्ही बाजूंस रोगण द्यावें. एकाच बाजूस दिलें तर उघडी बाजू ओल पिते आणि तक्ता पापडासारखा वळतो. कापलेल्या कडांना आणि भोंकांच्या आंतल्या अंगास तर दोनतीन हात हवेतच. सर्वांत आधीं खिडकीची गळती थांबवावी आणि पत्र्याचा गंज खरवडावा. नाहींतर नवा तक्ता जुन्याच वाटेनें जाईल.

श्रोत्यांच्या लक्षांत आलें असेल कीं, या साऱ्या कृतींत पावलोपावलीं एकाच शब्दाचा आधार घ्यावा लागला : ‘जुन्यावरून.’ कुजका तक्ता हा नव्याचा फर्मा आहे. त्याची जाडी, रेषांची दिशा, भोंकांची जागा, कोपऱ्याचा गोलवा हीं मापें बहुधा कोणत्याही पुस्तकांत लिहिलेलीं नसतात. असलीं तरी प्रत्येक गाडी हातानें जुळविलेली असल्यामुळें तीं तंतोतंत लागू पडत नाहींत.

आणि मापांपलीकडेंही कांहीं असतें. तें मला पुस्तकानें नव्हे, म्हापशाच्या बाजारानें शिकविलें. १९७८ सालीं मी सतरा वर्षांचा होतों. माझे मामा गोव्यांत म्हापशास राहात. दिवाळीच्या सुटींत मी त्यांच्याकडे गेलों होतों. त्या काळीं युरोपांतून तुर्कस्तान, इराण, अफगाणिस्तान, पाकिस्तान या खुष्कीच्या मार्गानें पाश्चात्य तरुण हिंदुस्थानांत येत, आणि त्यांतले पुष्कळ हणजुणें व कळंगूटच्या किनाऱ्यावर हिंवाळा काढीत. कांहीं अशाच चालत्या घरांतून येत. मामांच्या शेजारच्या सुताराकडे तसली एक गाडी दुरुस्तीस आली होती. दाराजवळचा तक्ता प्रवासांत फुटला होता. बाजारांत त्या जाडीचा प्लाय मिळेना. तेव्हां सुतारानें वाण्याकडून चहाचें एक रिकामें खोकें आणलें. तीं खोकीं त्या वेळीं पातळ प्लायवुडचीं असत. त्यानें खोक्याची बाजू सोडविली, फुटका तक्ता वर ठेवून खूण केली आणि तासाभरांत नवा तक्ता बसवून दिला. खोक्यावरचीं काळ्या शाईचीं अक्षरें आंतल्या बाजूस गेलीं, कोरी बाजू दर्शनी आली. गाडीचा मालक खूष झाला. जुना तक्ता सुतारानें फेंकला नाहीं. भिंतीवर खिळ्यास अडकविला. मीं कारण विचारलें. तो म्हणाला, ‘‘बाबा, उद्यां दुसरी असलीच गाडी आली तर?’’

पुढच्याच वर्षीं, १९७९ च्या आरंभीं इराणांत क्रांति झाली आणि वर्षअखेर सोव्हिएट फौजा अफगाणिस्तानांत शिरल्या. तो खुष्कीचा मार्ग बंद पडला. त्या गाडीचें पुढें काय झालें तें मला ठाऊक नाहीं. परंतु ती जर परत जाऊन युरोपांत कोठें उभी असेल, तर तिच्या आजच्या धन्यास दाराजवळचा एक तक्ता इतरांशीं न जुळणारा, हलक्या मालाचा दिसत असेल. गाडी ‘मूळ स्वरूपांत’ आणावयाची म्हणून तो त्यास सर्वांआधीं काढून टाकील. आणि ज्या एका वस्तूवरून ही गाडी हिंदुस्थान पाहून आली हें सिद्ध व्हावयाचें, तीच नाहींशी होईल.

मग नवे तक्ते बसवूंच नयेत काय? तसें मी म्हणत नाहीं. कुजक्या भिंतींत कोणी राहूं शकत नाहीं, आणि जें वाहन चालत नाहीं तें चालतें घर कसलें? जगन्नाथपुरीस दरवर्षीं रथयात्रेसाठीं तिन्ही रथ नव्या लांकडाचे बांधतात. लांकूड गेल्या वर्षींचें नसतें, तरी रथ तोच आहे याविषयीं कोणास शंका येत नाहीं. कारण माप तेंच, नांव तेंच, आणि तें काम करणाऱ्या सुतारांची परंपरा अखंड आहे. उलट चालत्या घरांची परंपरा खंडित झालेली आहे. या घाटाच्या दुभंग कांचेच्या गाड्या जर्मनींत १९६७ सालीं बंद झाल्या. त्यानंतरची आवृत्ति जर्मनींत १९७९ पर्यंत आणि ब्राझिलांत २०१३ च्या अखेरपर्यंत निघत राहून तीही संपली. जेथें कारागीर उरला नाहीं, तेथें त्यानें केलेली वस्तु हाच गुरु. जुना तक्ता टाकून देणें म्हणजे गुरूस घराबाहेर काढून मग त्याचा धडा आठवूं लागणें होय.

इमारतींच्या बाबतींत जगानें हा विचार पूर्वींच केला आहे. १९६४ सालच्या व्हेनिसच्या सनदेंत असें ठरलें कीं, नष्ट झालेल्या भागाच्या जागीं नवा बसवितांना तो एकूण रूपाशीं जुळावा, परंतु नवा म्हणून ओळखूंही यावा; नाहींतर डागडुजी ही इतिहासाची लबाडी ठरेल. ऐतिहासिक वाहनांसाठींही २०१२ सालीं इटलींतील तूरीन येथें एक सनद तयार झाली. पंडितांनीं सनदा लिहून जें सांगितलें, तें म्हापशाच्या सुतारानें एका खिळ्यावर अडकवून दाखविलें होतें.

हें सर्व मीं तीन आठवडे वाचून, टिपणें काढून, नीट जुळवून लिहिलें आणि विद्यार्थ्यास पाठविलें. उत्तर दुसऱ्याच दिवशीं आलें. माझ्या मौनाचा अर्थ त्यानें संमति असा घेतला होता. दोन तक्ते, मागच्या दाराचा आणि त्यालगतचा, त्यानें आधींच नगरपालिकेच्या कचऱ्याच्या आगारांत पोहोंचविले होते. बाकीचे घरांत जागा अडवून होते म्हणूनच केवळ उरले. ‘टाकूं नकोस, पुढें सविस्तर लिहितों’ एवढी एक ओळ मीं पहिल्या दिवशीं धाडली असती तर पुरें होतें. चाळीस वर्षें मुलांना वेळेचें महत्त्व सांगणाऱ्या मास्तराचा हा दोष आहे, आणि तो मीं येथें कबूल करतों.

उरलेल्या तक्त्यांच्या पाठी त्यानें मग पुसून पाहिल्या. दोहोंवर पेन्सिलीचे आंकडे होते आणि एकावर कोणा कारागिरानें रेघ चुकवून पुन्हां ओढलेली होती. जे दोन गेले त्यांवर काय होतें तें आतां कोणी सांगूं शकणार नाहीं. जुन्यावरून केलेले तक्ते पहिल्या खेपेस बसले. मागच्या दाराचा मात्र त्यास तीन वेळां करावा लागला, आणि तरीही एका कोपऱ्यांत बोटभर फट राहिली.

काम पुरें झाल्यावर त्यानें नव्या तक्त्यांच्या पाठींचीं छायाचित्रें पाठविलीं. प्रत्येकावर तारीख, लांकडाची जात आणि जाडी लिहिली आहे. त्याखालीं मराठींत दोन शब्द आहेत. बहुतेक तक्त्यांवर ते ‘जुन्यावरून केला’ असे आहेत. मागच्या दोन तक्त्यांवर ‘अंदाजानें केला’ असे आहेत. पन्नास वर्षांनीं ते तक्ते कुजतील आणि कोणीतरी ते काढील, तेव्हां हॅनोव्हरच्या गाडींत हीं मराठी अक्षरें कोठून आलीं याचें त्यास नवल वाटेल. परंतु कोणत्या मापावर विश्वास ठेवावा आणि कोणत्या नाहीं, हें त्यास तीं अक्षरें प्रामाणिकपणें सांगतील. इतिहासांत उदास असलेल्या माझ्या विद्यार्थ्याचा हा पेपर मीं तपासला, आणि त्यास पुरे गुण दिले.